तिसरं शिफारसपत्र

सुरय्याने स्वतःबद्दल लिहिलेलं ‘असामान्य’ हे विशेषण पुसलं, त्या जागी ‘चांगली’ लिहिलं, आणि जरा वेळ पडद्याकडे बघून तेही पुसून टाकलं.

“सर, तुम्ही मला किती वर्षं ओळखता म्हणून लिहू?”

“दोन लिही. नाही, तीन. जे असेल ते लिही गं.”

देवरे सरांनी मान वर केली नाही. समोर उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते, आणि त्यातला तपासून झालेला गठ्ठा अजून बुटकाच होता. सुरय्या सरांच्या खुर्चीत बसली होती, सर विद्यार्थ्यांच्या बाकावर. एका व्यवस्थापन संस्थेच्या पीएचडीसाठी तीन शिफारसपत्रं लागत. त्यांची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या मेलवर जाई. सरांनी ती उघडून दिली होती आणि म्हणाले होते, “तूच लिही. मी नजर टाकतो.”

यात नवल काही नव्हतं. अंबडच्या कारखान्यातले तिचे साहेब सोनवणे हेच म्हणाले होते, दुसऱ्या पत्राच्या मॅडमही हेच म्हणाल्या होत्या. तिन्ही पत्रं एकाच हातची वाटू नयेत म्हणून सुरय्याने सोनवणेंची वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवली होती आणि मॅडमची वीस-बावीस शब्दांची. देवरे सरांसाठी तिने मधला आकडा धरला होता. सलग तीन वर्षं हाच अर्ज चालला होता. पहिल्या वर्षी मुलाखतीलाच बोलावलं नाही, दुसऱ्या वर्षी मुलाखतीनंतर नकार आला. तिसऱ्यांदा नकार आला की त्या संस्थेत पुन्हा अर्ज करता येत नसे. स्वतःची स्तुती करून माणूस किती दमतो, हे तिला या आठवड्यात कळलं होतं.

शिपाई कलाबाई चहा घेऊन आल्या.

“अगं, अजून अर्जच भरतीयेस? माझी नात पहिलीतून तिसरीत गेली तेवढ्यात.”

“तिला काय, परीक्षाच नसते,” सुरय्या म्हणाली.

“मग तूही जा तिच्या वर्गात.” कलाबाई हसत बाहेर गेल्या.

पुढचा प्रश्न होता : उमेदवाराच्या बाबतीत तुमची निराशा झाली, असा एखादा प्रसंग लिहा.

“सर, निराशेचं काय लिहू?”

“लिही काहीतरी. फार काम करते, स्वतःची काळजी घेत नाही, वगैरे.”

“ते दोन्ही पत्रांत लिहून झालं.”

“मग तुझं तू बघ.” सरांनी एक पान उलटलं आणि कुणाच्या तरी उत्तरावर लांब तिरपी रेघ मारली.

सुरय्याने चहा घेतला. तिला काही सुचेना. खरं तर खोटं असं काही सुचेना. खरं होतं ते साडेचार वर्षं जागच्या जागीच होतं. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिने मालेगावला अब्बांच्या शेडमधल्या चार यंत्रमागांच्या नोंदी ठेवल्या होत्या : धागा किती वेळा तुटला, माग पुन्हा चालू व्हायला किती मिनिटं लागली. साठ दिवस. त्यातले काही दिवस आलेखाच्या सरळ रेषेपासून फार लांब पडत होते. ते तिने काढून टाकले. रेषा सुंदर आली. सरांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले. आता पीएचडीचा सगळा प्रस्ताव त्याच रेषेवर उभा होता.

तिने लिहायला घेतलं. ‘प्रकल्पात तिने सात दिवसांच्या नोंदी न सांगता वगळल्या. हे मला नंतर कळलं.’ वाक्यं छोटी झाली होती, सोनवणेंसारखी. वाढवायचं त्राण नव्हतं.

पावणेपाच होत आले तसे सर उठून खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पुसायचं बटण बोटाखाली होतं, पण तेवढ्यात त्यांनी चष्मा वर करून वाचायला सुरुवात केली होती. स्तुतीची दोन्ही पानं त्यांनी भराभर वर सरकवली. खाली येऊन थांबले.

“सात नाही,” ते म्हणाले. “नऊ.”

सुरय्याने बटणावरचं बोट काढलं.

“साठ दिवस म्हणालीस आणि शेवटच्या तक्त्यात ओळी एक्कावन्न. मोजल्या होत्या मी.”

तिने मनात तारखा धरून पाहिल्या. सात दिवस आठवले. उरलेले दोन तिने कधी सोडून दिले होते, कोण जाणे.

“मग बोलला का नाहीत, सर?”

“त्या वर्षी तपासणीची समिती यायची होती. विभागाला दाखवायला एक धड प्रकल्प हवा होता.” सरांनी हातातल्या लाल पेनला टोपण लावलं. “तुझा छान दिसत होता.”

पडद्यावर खाली खूण करायची एक चौकट होती : हे पत्र उमेदवाराने पाहिलेलं नाही. सरांनी त्या चौकटीकडे बोट दाखवलं.

“सोनवणेंच्या पत्रात ही खूण कोणी केली?”

“मीच.”

“ऊठ.”

ती उठली. सर खुर्चीत बसले आणि एकदम सगळं निवडून त्यांनी पुसून टाकलं. स्तुतीची दोन पानं आणि शेवटची दोन वाक्यं, सगळंच गेलं.

“सर, लिंक पाचला बंद होते.”

“माहीत आहे. तिकडे खिडकीशी उभी राहा. इकडे बघू नकोस.”

ती खिडकीशी गेली. मागे बटणं वाजू लागली. सर दोनच बोटांनी टाइप करत. कलाबाई कप न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“शिक्षा झाली का गं?”

सुरय्याने काचेतून मैदानाकडे बघत मान हलवली. हो की नाही, ते कलाबाईंना कळलं नसावं. त्या कप घेऊन हळूच गेल्या.

बटणं थांबली.

“त्या नऊ दिवसांत मागावर कोण होतं?” सरांनी विचारलं.

“नवा माणूस होता, सर. अब्बांचे नेहमीचे कारागीर तापाने पडले होते. तो सुरगाण्याहून कामाला आलेला. त्याआधी त्याने मागाला हातही लावला नव्हता.”

“आणि नवव्या दिवशी?”

“नवव्या दिवशी...” ती थांबली. हे आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही स्वतःला नाही. “निम्म्यावर आलं होतं, सर. धागा तुटणं.”

“नाव काय त्याचं?”

“झिपरू.”

पत्रात नीट लिहिता यावं म्हणून सरांनी नाव पुन्हा एकदा विचारलं. मग बटणं परत वाजू लागली, आधीसारखीच सावकाश, आणि सुरय्या पाठमोरी उभी राहिली.