इरकलीच्या पट्ट्यातलं धनुष्य

सरत्या भाद्रपदाचं ऊन कोलोरॅडोच्या डोंगरावर उतरलं होतं. पीत, सुवर्णपीत, केशरपीत पानांची अरण्यं उतारावर सळसळत होती. निळ्या, निरभ्र, निर्विकार आकाशाखाली हिमशुभ्र शिखरं उभी होती. आणि त्या सगळ्या शोभेकडे पाठ फिरवून, दातओठ खात, हंबीरराव चढ चढत होते.

सगळा राग धनुष्यावर होता. दोन्ही टोकांना कप्प्या, कप्प्यांतून ओवलेल्या दोऱ्या, अंगालाच जडवलेला बाणांचा भाता. असलं ते यंत्रधनुष्य बाण सोडायला गुणाचं, पण वागवायला महाद्वाड! हातात धरावं तर मनगट भरून येई. पाठीला बांधावं तर फांदीफांदी त्याला अडवी. खांद्याला अडकवावं तर दोरी मानेत रुते. पांडवांनी वनवासात कसं निभावलं, देव जाणे.

आणि खांदाच तर जपायचा होता. पुढच्या महिन्यात त्याच उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया होती; नंतर धनुष्य कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस. आणि एल्क, तो सांबराचा थोरला भाऊ, तो शृंगमंडित वनराज, अजून एकदाही हाती लागला नव्हता. दर हंगामात ओझं वाहून खांदा असा शिणे, की ऐन घटकेला दोरी ओढवतच नसे.

मागून येणाऱ्या शालनताईंनी, त्यांच्या पत्नीनं, शेवटी पिशवीत हात घातला. पेटीतल्या जुन्या इरकली लुगड्याचा पट्टा त्यांनी शिवून आणला होता. रुंद, मऊ, दुपदरी. हंबीररावांनी तो घरीच नाकारला होता.

"लुगडं गळ्यात घालून शिकार करू? लोक हसतील."

"हितं कोण हाय हसायला? अस्वलं?" शालनताई म्हणाल्या. "घाला की मुकाट्यानं."

त्यांनी मुकाट्यानं घातला. आणि ते खट्याळ, काटेरी, कटकटं धनुष्य काखेशी निजलं, पोटभर प्यालेल्या लेकरासारखं. ना खडखड, ना रुतणं. चढ तोच होता, पण खांद्याला भार कळेना. हंबीररावांना मनातून फार बरं वाटलं. बायकोला मात्र त्यांनी ते सांगितलं नाही.

सांजवेळी कुरणाच्या कडेला तो आला. ताम्रवर्ण, विशालवक्ष, शिंगांत मावळतीचं सोनं अडकलेला. संथ आला, धुंद आला, एकेक पाऊल जवळ आला. हंबीररावांनी पट्ट्यातून धनुष्य सोडवलं, दोरी ओढली. खांदा हूं की चूं करेना! फक्त एल्कची छाती एका झाडाआड होती. आणखी एक पाऊल, एकच पाऊल.

पाठीमागून वाऱ्याची झुळूक गेली.

एल्कनं मान उचलली. ओली, काळी नाकपुडी थरथरली. मग पानं उधळली, फांद्या मोडल्या, आणि कुरण रिकामं झालं.

हंबीररावांनी दोरी हळूहळू सैल केली. काय चुकलं, त्यांना कळेना. शालनताईंनी त्यांच्या गळ्यातला पट्टा नाकाशी नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगंबाई. डांबरगोळ्या."

वर्षानुवर्षं ती पेटी उघडून दोघांच्याही नाकाला तो वास उरला नव्हता. रानाला मात्र तो एका झुळकेत कळला.

"आठवडाभर मी घरात फोडणी बंद केली!" हंबीरराव ओरडले. "वास नको म्हणून!"

"बंद मी केली," शालनताई हळूच म्हणाल्या. "तुमी नुसतं सांगितलं."

हंबीररावांनी पट्टा गळ्यातून ओढून फेकला. धनुष्य तसंच मुठीत धरून, पाय आपटत ते उतरू लागले. पण वाट लांब होती, उतार निसरडा होता, आणि लवकरच खांदा ठणकू लागला. शालनताईंनी पट्टा उचलून आणला होता. त्यांनी तो पुढे केला, आणि हंबीररावांनी तो घेऊन धनुष्य त्यात अडकवलं.

जांभळा, धूसर, थंड अंधार दरीत भरत गेला. दूर कुठल्याशा कड्यावरून एल्कची दीर्घ, उंच, शीळ घातल्यासारखी हाक आली. हंबीरराव थांबले नाहीत. धनुष्य खांद्यावर होतं, अलगद होतं, फुलासारखं हलकं होतं. आणि आता, आता कशाला ते हलकं, याच संतापानं त्यांचे डोळे भरून येत होते.