तीन मिळवायचे

दर बुधवारी दुपारी त्या घरातली माणसं देव पाण्यात घालून बसत, पण कुणाचा ताप उतरावा म्हणून नव्हे, चढावा म्हणून. शेजारपाजारी हे कळलं असतं तर लोकांनी तिघांनाही वेड्यात काढलं असतं, आणि लोकांची काही चूक नसती.

ताप हवा होता तो बाइंडरला. बाइंडर म्हणजे या घरातला नवरा. जुन्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालणारा, सरस आणि सुतळीच्या वासाचा, गाईसारखा गरीब माणूस. पंधरा वर्षांपूर्वी कागद कापायच्या यंत्रात त्याचा पंजा सापडला, इस्पितळात रक्त चढवलं, आणि त्या रक्ताबरोबर हिपॅटायटिस सीचा विषाणू त्याच्या यकृतात येऊन बसला. पंधरा वर्षं त्याने तिथे बिनबोभाट संसार केला. कळलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, आठवड्याला एक, अशी अठ्ठेचाळीस.

डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. त्या म्हणाल्या होत्या, हे औषध स्वतः विषाणूला मारत बसत नाही. ते तुमच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना गदागदा हलवून उठवतं, मग विषाणूचा समाचार ते घेतात. पहारेकरी उठले की आरडाओरडा होणारच. इंजेक्शननंतर चारपाच तासांनी थंडी वाजेल, हाडं दुखतील, ताप चढेल. घाबरू नका. शंभराच्या वर गेला तर गोळी द्या.

घाबरायला या घरात कोण बसलं होतं? घरी आल्या आल्या तिघांनी मिळून या बोलण्याचा उलटा अर्थ लावून टाकला: ताप आला तर पहारेकरी उठले, नाही आला तर मेले झोपलेत. असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच नव्हत्या. पण घरात मोजमाप करणारी दोन माणसं असली की प्रत्येक गोष्टीचा आकडा लागतो.

पहिलं माणूस म्हणजे सासरे. उभा जन्म त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढला होता, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत, सूनही म्हणे. चहात साखर घालतानाही ते चमचा डोळ्यांच्या रेषेत धरत. दुसरं माणूस म्हणजे ही सून, बाइंडरची बायको. ती थर्मामीटरच्या कारखान्यात तपासनीस होती. तयार झालेले थर्मामीटर गरम पाण्याच्या हौदात बुडवायचे, पारा कुठे थांबतो ते बघायचं, आणि एका रेघेनेही चुकलेला बाजूच्या खोक्यात फेकायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. तिच्या हातून चुकार थर्मामीटर सुटला असं कधी झालं नव्हतं, आणि ती हे दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे.

घरात आजवर ताप बघायचा मान अर्थातच तिचा. पण इंजेक्शन बुधवारी सकाळी अकराला, आणि तिची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणून पहिल्याच बुधवारी तिने थर्मामीटर मोजणीसाहेबांच्या स्वाधीन केला आणि त्यांना रीतसर शिकवलं. कसा झटकायचा, जिभेखाली कुठे ठेवायचा, तीन मिनिटं घड्याळ लावून मोजायची, उजेडाकडे पाठ करून वाचायचं. मोजणीसाहेबांनी नवी वही काढली आणि तिला रेघा मारल्या.

पहिल्या बुधवारी ताप आला नाही. दुसऱ्या बुधवारीही नाही. ती पाळीवरून येई तेव्हा बाइंडर दोन पांघरुणांत गुरफटून झोपलेला असे. कपाळाला हात लावून तिला काही कळायचं नाही. दिवसभर तापाएवढ्याच गरम पाण्यात हात घातलेल्या बाईला सगळं जग गारच लागतं. ती मोजणीसाहेबांकडे बघे, ते मान हलवत. नाही.

दर महिन्याला डॉक्टरीणबाई विचारत, ताप येतो का? मोजणीसाहेब खालच्या मानेने सांगत, नाही. त्यावर डॉक्टरीणबाई खूश होत. म्हणत, छान, सोसतंय म्हणायचं, आणि ताप आला नाही तरी औषध आपलं काम करतंच. घरी येताना तिघांचं एकमत होई की बाई मनाने फार चांगल्या आहेत, कशी धीर द्यायला खोटं बोलतात.

अकरा बुधवार असे गेले. बाराव्या बुधवारी, आदल्या आठवड्यातच रक्त तपासायला देऊन झालेलं, बाइंडरने सकाळी दाढीसुद्धा केली नाही. तो म्हणाला, मी आज येत नाही. शांतपणे म्हणाला, आणि हीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती, कारण हा माणूस भाजीत मीठ नसलं तरी कधी नाही म्हणत नसे. पहारेकरी उठायचेच नाहीत तर दर बुधवारी पोटात सुई कशाला खुपसायची, असं त्याचं म्हणणं. उरलेले दिवस तो दुकानात घालवेल. चाळीस शब्दकोश बांधायचे पडलेत.

उरलेले दिवस, हे शब्द तिच्या कानात अडकले. बावीस वर्षांत तिने आजारपणासाठी एक दिवस रजा काढली नव्हती. तिने कारखान्यात फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं, आणि नवऱ्याला शर्टाच्या बाहीला धरून इस्पितळात नेलं. वाटेत ती अखंड बोलत होती. काय बोलली ते तिला स्वतःलाही आठवत नव्हतं, पण इंजेक्शन मात्र झालं.

चार वाजता मोजणीसाहेब घड्याळ आणि वही घेऊन हजर झाले. बाइंडर अंगात स्वेटर, वर रजई घेऊन पडला होता. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तीन मिनिटं झाली. मोजणीसाहेबांनी खिडकीकडे पाठ केली, थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरला आणि जाहीर केलं, "नव्व्याण्णव पॉइंट दोन. ताप नाही म्हटलं तरी चालेल."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. सवयीने तिने त्यांच्या हातातून थर्मामीटर घेतला, एक नजर टाकली आणि म्हणाली, "एकशे दोन पॉइंट दोन."

मोजणीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी विनम्रपणे सुचवलं की सूनबाईंनी डोळे तपासून घ्यावेत. तिने त्याहून विनम्रपणे सुचवलं की डोळ्यांच्या जोरावर तिचं पोट चाललंय. त्यांनी कपाटातून नकाशे बघायचं भिंग आणलं. दोघांनी कपाळाला कपाळ लावून भिंगातून पारा पाहिला. पारा स्वच्छ नव्व्याण्णवच्या पुढे दुसऱ्या रेघेवर उभा होता.

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली. "एकशे दोन पॉइंट दोन. यात तीन मिळवायचे असतात ना."

मोजणीसाहेबांनी भिंग पाऱ्यावरून उचलून तिच्याकडे पाहिलं. मग तिने स्वतःचं वाक्य स्वतः ऐकलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिने हा थर्मामीटर कारखान्यातून आणला होता, फेकायच्या खोक्यातून. बरोबर तीन अंश कमी दाखवायचा, ना एक रेघ जास्त ना एक रेघ कमी. इतका प्रामाणिकपणे चुकणारा थर्मामीटर तिने आधी पाहिला नव्हता, म्हणून तिला त्याची माया वाटली. नवा आणेपर्यंत चालवू, तीन मिळवले की झालं. नवा काही आणला गेला नाही. बघणारी तीच, मिळवणारी तीच. पुढे पुढे डोळा पाऱ्यावर पडायचा आणि तोंडातून तीन मिळवलेलाच आकडा बाहेर यायचा. मोजणीसाहेबांना शिकवताना तिने झटकण्यापासून धुण्यापर्यंत सगळं सांगितलं होतं. मिळवणं ती करते हेच तिला ठाऊक राहिलं नव्हतं.

"म्हणजे सकाळी पंच्याण्णव पॉइंट सहा यायचं, ते?" मोजणीसाहेबांनी विचारलं. इंजेक्शनला जाण्याआधीचा आकडाही ते आपल्या समाधानासाठी वहीत टिपत असत. तो पाहून त्यांनी कुणाला न सांगता असा निष्कर्ष काढला होता की मुलगा मुळातच थंड रक्ताचा, आईच्या माहेरावर गेलेला, आणि औषधाने फार तर तो दुपारपुरता माणसात येतो.

हे ऐकून तिला हसू फुटलं. ती भिंतीला धरून हसली, मग भिंत पुरेना म्हणून खाली बसून हसली. मोजणीसाहेब आधी रागावले, मग लाल शाईचं पेन शोधायला धावले, आणि एकेक बुधवार दुरुस्त करत मोठ्याने वाचू लागले. एकशे एक पॉइंट आठ. एकशे दोन. एकशे दोन पॉइंट चार. प्रत्येक आकड्याला दोघं टाळ्या पिटत होती. अकराच्या अकरा बुधवार ताप. पहारेकरी पहिल्या दिवसापासून उठलेले, नुसते उठलेले नव्हे तर घर डोक्यावर घेतलेले. पंच्याहत्तर वर्षांच्या मोजणीसाहेबांनी वही छातीशी धरून पलंगाभोवती एक गिरकी घेतली आणि गुडघा धरून खाली बसले. रजईतून बाइंडरही हसत होता, पण त्याचे दात इतके वाजत होते की हसू तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत होतं.

ते दात पाहून ती एकदम गप्प झाली. तिने आधी गोळी दिली, अकरा बुधवारी जी द्यायची राहिली होती ती. मग ती पलंगाच्या कडेला बसली. "एवढी थंडी वाजायची, हाडं दुखायची, तर बोलला का नाहीत हो?"

"पहिल्या बुधवारी बोललो होतो," बाइंडर म्हणाला. "बाबांनी थर्मामीटर दाखवला. तुझा थर्मामीटर खोटं कसं सांगेल? मला वाटलं, मीच भित्रा. उगीच कुडकुडतोय."

तो हे तक्रार म्हणून बोललाच नव्हता. तक्रार केली असती तर तिला बरं वाटलं असतं. अकरा दुपारी हा माणूस एकशे दोन तापात दात आवळून पडला होता आणि स्वतःची लाज वाटून घेत होता. तिला रडू आलं, आणि ते हसण्याचंच रडू आहे असं तिने दोघांना सांगितलं.

शुक्रवारी रक्ताचा अहवाल आला. लाखांनी मोजायचा विषाणू आता मशीनला सापडतच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बजावलं की याचा तापाशी संबंध नाही, ताप न येताही असंच झालं असतं, आणि अजून छत्तीस इंजेक्शनं पुरी करायची आहेत. तिघांनी अतिशय आदराने ऐकून घेतलं आणि जिना उतरेपर्यंत एक अक्षर विश्वास ठेवला नाही. बाइंडर दोन दोन पायऱ्या उतरत होता. छत्तीसच्या छत्तीस घेईन, तो म्हणाला, वर एखादं फुकट देत असतील तर तेही घेईन.

तेराव्या बुधवारी तिने पाळी बदलून घेतली होती. चार वाजता मोजणीसाहेब तिने कारखान्यातून आणलेला नवाकोरा, शंभरदा तपासलेला थर्मामीटर घेऊन आले. तिने तो त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "किती वाटतोय?"

बाइंडर रजईतून बघत राहिला. "मी कसं सांगू?"

"तुम्हीच सांगायचं. थर्मामीटर नंतर. आधी तुम्ही सांगाल तेवढा ताप."

आयुष्यात त्याला कुणी आकडा विचारला नव्हता. त्याने डोळे मिटले, बराच वेळ विचार केला, अंगावरून एक मोठी शिरशिरी जाऊ दिली आणि म्हणाला, "एकशे पंधरा."

मोजणीसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. चाळीस वर्षं सरकारी मोजणी केलेल्या त्या माणसाने आपल्या हाताने खोटा आकडा कधी कागदावर उतरवला नव्हता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: एकशे पंधरा.