पाठमोऱ्या बाई

जगातला प्रत्येक दुकानदार आपला माल चारचौघांत उठून दिसावा म्हणून धडपडतो. टोपवाल्याचं सगळं उलटं. त्याचा माल कुणाच्या नजरेत भरला, की समजायचं काम फसलं. केसांचे टोप करायचा तो. लोक विग म्हणतात, तो टोपच म्हणायचा. बेचाळीस वर्षं हा एकच धंदा केला, पण त्याच्या दारातून बाहेर पडलेल्या एकाही माणसानं कधी कुणाला सांगितलं नाही, की बघा, हे अमक्यानं केलंय. कसं सांगेल? झाकली मूठ, ती पण डोक्यावरची.

दुकानाला पाटी नव्हती. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारच्या बोळातून आत यायचं आणि जिना चढायचा, की दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आरसा, खुर्ची आणि दाराला जाड पडदा. आतल्या खोलीत खरं काम. केस विंचरायला खिळे ठोकलेली फळी, जाळीचे तुकडे आणि गळासारखी वाकडी बारीक सुई. त्या सुईनं केस जाळीतून ओढून घ्यायचा आणि गाठ मारायची. मग दुसरा. मग तिसरा. एका टोपाला अशा किती गाठी लागतात ते त्यानं कधी मोजलं नाही. म्हणायचा, मोजलं तर उद्या सुई उचलवायची नाही.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक रस्त्यात दिसलं तर ओळख द्यायची नाही. एकदा एका वकिलानं आपण होऊन त्याला हात केला, तर हा पठ्ठ्या सरळ रस्ता ओलांडून पलीकडं गेला. बायको म्हणाली, अहो, लोकांना वाटेल तुमचं त्यांच्याशी भांडण आहे. तो म्हणाला, वाटू दे, भांडणानं टक्कल दिसत नाही.

पण झाकून झाकून किती झाकणार? मोबाईल आले, मोबाईलवर तयार टोप आले. डब्यातून घरपोच. डोक्यावर ठेवला की पक्ष्याचं घरटं ठेवल्यासारखा दिसायचा, पण मागवताना कुणाला तोंड दाखवावं लागत नाही ना! जुनी गिऱ्हाईकं एकेक करून म्हातारी झाली, काही गेली. नवं माणूस जिना चढेना. त्याची लेक त्याच्याच हाताखाली शिकलेली, गाठ मारण्यात बापाच्या वरचढ. ती दिवसभर सुई हातात घेऊन रिकामी बसायला लागली. एक दिवस म्हणाली, आपण पेज काढू, व्हिडिओ टाकू.

टोपवाला असा काही भडकला, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाला, आपला धंदा म्हणजे लोकांची लाज सांभाळायचा धंदा, त्याची दवंडी पिटतात काय? लेकीनं ऐकून घेतलं. मग शांतपणे बोलली.

"बाबा, ज्याचे केस जातात तो शेजाऱ्याला विचारत नाही. आईलासुद्धा विचारत नाही. दार लावून मोबाईलला विचारतो. आणि तिथं आपण नाही."

खरं होतं ते. गप्प बसला. गप्प बसला म्हणजे हो म्हणाला, हे लेकीला जन्मापासून माहीत.

आधी तिनं बापाच्या हातांचे व्हिडिओ टाकले. सुई आत, केस बाहेर, गाठ. मग लाकडी डोक्यावर बसवलेला टोप, त्याचा भांग. बघणारे दीड-दोनशे, त्यातले निम्मे नात्यातले. ती इतरांची पेजं बघायची. केक करणारी, दाढी कोरणारा, जुने सोफे नवे करणारा, सगळ्यांची एकच रीत. आधी कसं होतं ते दाखवायचं, मग आता कसं झालंय ते दाखवायचं. लोक त्यावर तुटून पडतात. लेक म्हणाली, बाबा, लाकडाच्या डोक्याला कोण बघणार? खरं डोकं पाहिजे.

त्याच सुमाराला मोठी सुट्टी लागली आणि ठरल्याप्रमाणं गणिताच्या बाई आल्या.

या बाई बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिशीत मोठं आजारपण झालं, केस गेले ते परत आलेच नाहीत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. केसांचं हे गुपित जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांची बहीण आणि दुसरा टोपवाला. दर सुट्टीत त्या यायच्या, जुना टोप सोडायच्या, नवा घ्यायच्या. आणि दर वर्षी तो नव्या टोपात थोडे पांढरे केस जास्त घालायचा. माणसाचं वय वाढतं, टोपाचं वाढत नाही, आणि सगळे टोप पकडले जातात ते तिथंच. बाई आरशात बघून विचारायच्या, काय काका, यंदा किती म्हातारी करताय मला? तो म्हणायचा, नववीचे दोन वर्ग घेताय ना बाई, मग मूठभर तरी हवेतच. हा विनोद बावीस वर्षं चालला, आणि दोघंही दर वेळी हसायचे.

लेकीनं त्यांना विचारलं. चेहरा दाखवणार नाही, म्हणाली, फक्त पाठीमागून. बाई लेकीकडं नाही, आरशातून बापाकडं बघत होत्या.

"काका, टाकण्याआधी तुम्ही बघाल ना?"

त्यानं बघितलं. एकदा नाही, पाच वेळा बघितलं. बाईंची पाठ, उघडं डोकं, त्यावर चारदोन विरळ बटा. मग त्याचे स्वतःचे हात येतात, टोप बसवतात, कडा दाबतात, कंगवा फिरतो आणि वेणी पाठीवर पडते. कुठं कान नाही, कुडी नाही, आरशातही चेहरा नाही.

"तोंड कुठंच दिसत नाही बाई," तो म्हणाला. "कुणाला कळायचं नाही. माझा शब्द."

बाई म्हणाल्या, मग ठीक आहे. तुमच्यामुळं बावीस वर्षं निभावली, आता मी तुमच्या उपयोगाला येते थोडी.

आता हा टोपवाला कसला माणूस होता बघा. बाजारात पुढं चालणाऱ्याचा नुसता भोवरा बघून तो बायकोला सांगायचा, हा आपला चष्मेवाला. जन्मभर माणसं पाठीमागून बघितली त्यानं. चेहरे विसरायचा, डोकी कधी विसरायचा नाही. आणि त्याच माणसाला असं वाटलं, की ओळख म्हणजे तोंड. ही विद्या आपल्या एकट्यालाच येते, असं धरून चालला तो.

सुट्टी संपायच्या आधी तीन दिवस लेकीनं व्हिडिओ टाकला. पहिल्या संध्याकाळी हजार लोकांनी बघितला. दुसऱ्या दिवशी आकडा एवढा झाला, की त्याला तो वाचता येईना. फोन खणखणायला लागला. कुठून कुठून माणसं रडत बोलायची, एवढी वर्षं कुठं होतात म्हणून विचारायची. बायको पहिल्यांदाच म्हणाली, पोरीनं नाव काढलं. तोही खूश होता, उगाच खोटं कशाला सांगा.

चौथ्या दिवशी सकाळी लेक मोबाईल घेऊन त्याच्यासमोर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, या आमच्या गणिताच्या बाई, पैज लावतो. त्याखाली दुसऱ्यानं, हो रे, फळ्यावर लिहिताना मान अशीच डावीकडं कलते. तिसऱ्यानं शाळेचं नाव टाकलं. मग रांगच लागली, वीस वर्षांची पोरं आणि पस्तिशीचे बाप्ये.

बाईंनी जन्मभर काय केलं होतं? फळ्याकडं तोंड, वर्गाकडं पाठ. त्यांचा चेहरा पोरं विसरली असती एखादवेळेस. पाठ कशी विसरतील?

लेकीनं व्हिडिओ तिथल्या तिथं काढून टाकला. पण तोवर लोकांनी उतरवून घेतला होता, आपापल्या गटात फिरवला होता. वारा सुटल्यावर पीठ गोळा करायला जाण्यासारखं झालं ते. बाईंना फोन केला, त्या उचलेनात. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती.

टोपवाला आठवडाभर जिना चढत-उतरत राहिला, कामाला हात लागेना. केसानं गळा कापणं म्हणतात, ते आपण केलं, असं एकदाच बायकोजवळ बोलला. ती म्हणाली, मग जाऊन सांगा त्यांना, इथं काय भिंतीला सांगताय? तेव्हा गेला. संध्याकाळी, शाळा सुटून तासभर झाल्यावर.

बाईंनी दार उघडलं. डोक्यावर त्यानंच केलेला टोप, नीट बसवलेला. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. तो माफी मागायचं ठरवून आला होता, शब्द पाठ करून आला होता, पण बाईच आधी बोलायला लागल्या. रागानं नाही. एखादं गणित समजावून द्यावं तशा.

"कुणी हसलं नाही, काका. हसले असते तर मी बघून घेतलं असतं, हसणाऱ्या पोरांची मला सवय आहे. सगळे फार चांगलं वागले. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही किती धीराच्या. जुन्या मुलांनी पत्रं पाठवली."

वह्यांची कड सारखी करत राहिल्या.

"पूर्वी मी फळ्याकडं वळले, की मागं गोंगाट सुरू व्हायचा. मी न वळता नाव घेऊन दटावायची, त्यांना वाटायचं बाईंना मागंही डोळे आहेत. आता मी वळले की वर्ग चिडीचूप. नुसता खडूचा आवाज. चाळीस पोरं बसलेली असतात आणि एकाचाही श्वास ऐकू येत नाही. ती कुठं बघतायत ते मला माहीत असतं."

म्हणून बाईंनी जागा बदलली होती. आता त्या वर्गात शेवटच्या बाकाच्या मागं उभ्या राहत, भिंतीला पाठ लावून. फळ्यावर एक मुलगी लिहायची, बाई मागून सांगायच्या. पोरांना ताकीद होती, मागं वळून बघायचं नाही. "ती मुलगी हातचा विसरते," बाई म्हणाल्या आणि जरा हसल्या. "मग मला एवढ्या लांबून ओरडावं लागतं."

निवृत्तीला सहा वर्षं होती त्यांच्या.

टोपवाल्याला एवढंच म्हणता आलं, बाई, माझं चुकलं. लेकीचं नाही, माझं. बाईंनी मान डोलावली. लेकीवर त्यांचा राग नव्हताच, ती लहान आहे म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं. एवढी वर्षं आरशातून बोललेली माणसं ती, समोरासमोर बघायची सवयच नव्हती.

"एकच विचारते. तो व्हिडिओ माझा आहे हे तुम्हाला माहीत नसतं, नुसता कुठंतरी दिसला असता, तर तुम्ही मला ओळखलं असतंत ना?"

तो खोटं बोलू शकला असता.

"ओळखलं असतं."

"मग?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी उत्तराची वाट बघितली, चांगली शिक्षिका बघते तेवढी. मग उठून त्यांनी रिकामा पेला उचलला. तोही उठला. दारापर्यंत सोडायला आल्या त्या, पण पुढं होऊन चालल्या नाहीत. त्याला पुढं जाऊ दिलं आणि स्वतः मागून आल्या.

तो दुकानात परतला ते मनाशी ठरवूनच, की ते पेज आजच्या आज बंद करायचं. लेकीच्या मनातही तेच होतं, तिनं मोबाईल काढूनच ठेवला होता. पण पडद्यामागं खुर्चीत एक मुलगी बसली होती, एकोणीस-वीसची, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. सोबत बाप. बाप सांगत होता, वर्ष झालं हिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. परवा फिरत आलेला एक व्हिडिओ बघितला, मागून घेतलेला, आणि म्हणाली, मला इथं न्या.

टोपवाल्यानं हात धुतले, फीत घेतली आणि तिच्या डोक्याचं माप घेतलं.

पेज राहिलं. त्यावर फक्त हात दिसायचे आणि लाकडी डोकी. लेकीनं पुन्हा कधी माणसाचं डोकं दाखवलं नाही. तरी काम येत राहिलं, इतकं, की आता फोनवर आधी वेळ घ्यावी लागायची. त्या व्हिडिओचं नाव फोनवर निघालं, की लेक विषय बदलायची.

वर्ष फिरलं. मोठी सुट्टी लागली. टोपवाल्यानं लेकीला सांगितलं, सोमवारची दुपार कुणाला देऊ नकोस. तिनं का म्हणून विचारलं नाही. त्यानं नवा टोप आधीच करून ठेवला होता. मापं त्याच्या बोटांत होती, त्याला वहीची गरज नव्हती. पांढरे केस किती घालायचे यावर मात्र तो दोन दिवस अडला होता, आणि शेवटी दर वर्षीपेक्षा जास्त घातले होते.

टोप वर्षभरात विरतो. जाळी सैल पडते, भांगापाशी केस जातात. दुरुस्तीशिवाय दुसरं वर्ष निघत नाही. हे त्याच्याइतकंच बाईंनाही माहीत होतं. म्हणजे त्या दुसऱ्या कुणाकडं गेल्या असतील, किंवा डब्यातला मागवला असेल. नाहीतर विरलेलाच घालून शेवटच्या बाकामागं उभ्या राहत असतील. चौथं काही त्याला सुचेना.

पहिला सोमवार गेला. दुसरा गेला. तो दुपारभर बाहेरच्या खोलीत बसायचा, हातात काम न घेता. जिन्यावर पाऊल वाजलं की उभा राहायचा. बायको चहा ठेवून जायची. बाईंना फोन करायचं लेकीनं एकदा सुचवलं. तो म्हणाला, कुठल्या तोंडानं?

पाचव्या सोमवारी दुपारी चार वाजता तो आत आला. लेक सुई चालवत होती. उद्या शाळा उघडणार होती.

"सोमवारची वेळ देऊन टाक कुणालातरी," तो म्हणाला, आणि दिव्याखालची आपली खुर्ची ओढून कामाला बसला.