देवानंद मास्तरांचं ‘हं’

सिस्टर फिलोमिनांनी तोच शब्द तिसऱ्यांदा खोडला, कागदाला भोक पडलं, तेव्हा कुठे पेन खाली ठेवलं.

“मास्तर, शुद्ध म्हणायला तुमच्याकडे शब्द किती?”

देवानंद मास्तर खाटेजवळच्या स्टुलावर बसून बायकोला पंख्याने वारा घालत होता. ताप डोक्यात गेला आणि बेबीनंदा जी आडवी झाली, ती तेरा दिवस डोळे उघडायचं नाव घेत नव्हती. वाटूरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात सिस्टर तिला नळीने दूध देत, तिची कूस बदलत, आणि उरलेली दुपार खिडकीपाशी लिहीत बसत. त्यांच्या धर्मसंघाचा एक दवाखाना मोझांबिकात होता. तिथल्या नर्सांना पोर्तुगीज येई, इंग्रजी येत नसे. सिस्टर गोव्यातल्या पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यामुळे बेशुद्ध रोग्यांच्या शुश्रूषेवरची एक इंग्रजी पुस्तिका भाषांतरासाठी त्यांच्या गळ्यात पडली होती.

“ढीगभर आहेत की,” देवानंद म्हणाला. शब्दांचा विषय निघाला की त्याला दुःखातही चेव यायचा. “शुद्ध, भान, जाणीव, जाग. होश तर निजामाच्या वेळेपासून आमचाच.”

“नशीबवान आहात. इथं इंग्रजीत लिहिलंय, रोग्याला शुद्ध नसली तरी भान असू शकतं, त्याच्याजवळ जपून बोला. आमच्या पोर्तुगीजमध्ये दोन्हींना एकच शब्द, कोंसिएंसिया. मग वाक्य होतं, शुद्ध नसली तरी शुद्ध असू शकते.” सिस्टर हसल्या. “आणि वाईट वागल्यावर मन खातं ना, त्यालाही तोच.”

“स्वस्तात भागवलं म्हणायचं पोर्तुगीजांनी.”

सिस्टर पुन्हा कागदावर वाकल्या. वाक्य फिरवून फिरवून पुटपुटायची त्यांना सवय होती. कोंसिएंसिया, कोंसिएंसिया. एप्रिलच्या त्या दुपारी दवाखान्यात तेवढाच एक आवाज होता.

सोमवारी सिस्टर जेवायला गेल्या असताना कडूबामामा आला. बापाच्या माघारी देवानंदला त्यानेच वाढवलं होतं, आणि त्याच्या शब्दापुढे देवानंदने आजवर कधी मान वर केली नव्हती. मामाला स्टूल देऊन तो उभ्यानेच वारा घालू लागला. मामा बेबीनंदाच्या उशाशी बसला आणि बराच वेळ तिच्या नाकातल्या नळीकडे बघत राहिला.

“किती दिस नळीवर ठिवतो हिला? घरी नेऊ. नळी काढू. सुटंल बिचारी.”

देवानंद वारा घालत राहिला.

“लेकरू दीड वर्षाचं हाये तुझं. कोण बघंल त्याला? तीर्थपुरीला एक पोरगी बघून ठिवलीय मी, घर बराबर हाये. आत्ता म्हणत न्हाई, मागून. बुधवारी गाडी आणतो. हो म्हण.”

“हं,” देवानंद म्हणाला.

नाकातून, जमिनीकडे बघत. गोष्ट ऐकताना पोरं ‘हं’ ‘हं’ करतात तसा तो नुसता हुंकार होता, असं पुढे त्याने स्वतःला शंभरदा बजावलं. मामाने मात्र तो होकार समजला आणि टोपी डोक्यावर ठेवून उठला. तो गेल्यावर देवानंदच्या लक्षात आलं, आपला पंखा केव्हाचाच थांबला आहे.

मंगळवारी दुपारी बेबीनंदाने डोळे उघडले.

सिस्टर धावल्या. तिचे ओठ हलत होते. पाणी मागत असेल, लेकराचं नाव घेत असेल, म्हणून देवानंदने कान तिच्या तोंडाशी नेला.

“कोंसिएंसिया,” बेबीनंदा म्हणाली. अगदी स्वच्छ.

सिस्टरांचा हात छातीवरच्या क्रुसाकडे गेला. “मी तर नुसती पुटपुटत होते,” त्या म्हणाल्या.

गावात बातमी व्हायला वेळ लागला नाही. मरता मरता उठली ती परक्या बोलीत बोलली, म्हणजे कुणीतरी अंगात शिरलंय, असं ठरवून शेजारची तुळजाबाई उतरून टाकायला लिंबू घेऊन आली. देवानंदच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून असल्या गोष्टी बंद होत्या. त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. भुताची त्याला भीती नव्हती. दवाखान्यात कुणी नाही असं बघून त्याने खिडकीपासून खाटेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. नऊ पावलं भरली. मामा बसला होता ते स्टूल उशीपासून हातभरावर होतं.

बेबीनंदा सावरत गेली. नळी निघाली, पेज जाऊ लागली, लेकरू मांडीवर बसू लागलं. सिस्टरांशी ती दोन शब्द बोलायची, लेकराशी चार. देवानंदशी बोलताना मात्र एवढंच.

“बरं वाटतंय?”

“हं.”

“पाणी देऊ?”

“हं.”

अशक्तपणा असेल, असं तो म्हणत राहिला. आठव्या दिवशी तिने पुन्हा ‘हं’ म्हटलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. नाकातून, जमिनीकडे बघत. ते त्याचंच ‘हं’ होतं, जसंच्या तसं. मामा आला त्या दिवशी तर तिचे डोळे मिटलेले होते.

घरी जायच्या दिवशी, त्या बुधवारी यायची राहिलेली मामाचीच बैलगाडी दवाखान्यासमोर येऊन उभी राहिली. बेबीनंदा खाटेच्या काठावर बसून लेकराचे केस विंचरत होती. तिने सिस्टरांना विचारलं, “बाई, तुमच्या त्या शब्दाचा अर्थ काय वो?”

“शुद्ध. भानसुद्धा,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मन खातं ते.”

“तिन्ही एकातच?”

“एकातच.”

देवानंद घाईने पुढे झाला. “गाडी आलीय. चल घरी.”

“हं.”

“हं म्हणजे काय, बेबी? येतीस का न्हाई?”

तिने फणी खाली ठेवली, लेकराला कडेवर घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुम्ही मास्तर हायेत. मामा आल्ते तवा तुमच्या हंचा जो अर्थ होता, तोच माझ्या हंचा. काय होता, सांगा.”

बाहेर मामाने हाक मारली. देवानंदने स्टुलावरचा पंखा उचलला आणि तिला वारा घालू लागला. बेबीनंदा जागची हलली नाही. गाडी बाहेर उभीच होती.