पिंपळाखालची रंभाबाई

मित्रांनो, मी काळा-पांढरा फोटो आहे. चौकट लाकडी, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. माझ्यात बसलेली बाई म्हणजे मुळशी तालुक्यातल्या माले गावची रंभाबाई. नाव आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरूनच पंचाईत झाली.

माझा जन्म पौडच्या स्टुडिओत झाला. भातलावणी आटोपली होती आणि रंभाबाईच्या मनात आलं, आपला एक फोटो असावा. लग्न नाही, सण नाही, उगीच. सोबत सखू होती. सखू डोंगरावरच्या वाडीतली. दोघी एकाच खाचरात वाकून रोपं लावायच्या. फोटोवाला म्हणाला, हसू नका. तेवढ्यात दारातून सखूने त्याचीच नक्कल केली. रंभाबाईने ओठ घट्ट मिटले, म्हणून चेहरा जरा करारी आला.

मग मी तिच्या घरात भाताच्या कणगीवर टांगला गेलो. पहाटे उठणं, भाकरी थापणं, शेत, पुन्हा चूल, एवढंच तिचं आयुष्य. जीभ मात्र तिखट. पोरांना आधी शिव्या, मग खाऊ. तिच्यावर कुणी पोवाडा रचला नसता. मला ती फार आवडायची. ती गेल्यावर मला हार घातला. तो सुकला, पण पुन्हा कुणी बदलला नाही.

मागच्या वर्षी तिचा नातू किशोर याने घर पाडून भाड्याच्या खोल्या बांधल्या. नव्या भिंतीला त्याला खिळा नको होता. गेलेल्या माणसाचा फोटो कचऱ्यात टाकत नाहीत, म्हणून त्याने मला रस्त्याकडेच्या पिंपळाखाली, देवांच्या तडकलेल्या तसबिरींशेजारी ठेवलं आणि हात जोडून तो निघून गेला.

झालं! मुळशी धरणाकडे फिरायला निघालेल्या एकाने मला कुंकू लावलं. दुसऱ्याने नारळ फोडला. करारी चेहरा बघून कुणी म्हणालं, देवी कडक आहे. 'पिंपळाई' असं नावही पडलं, आणि पत्र्याचं देऊळ बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या. रंभाबाई म्हणून कुणी होती, हेच पुसलं जाणार होतं.

एके दिवशी रानभाजीची पाटी घेतलेली एक म्हातारी थांबली. ती सखू होती.

"ही कसली देवी? ही रंभाबाई हाय. माज्या संगं चिखलात व्हती."

ओटी भरायला आलेली बाई घाबरली. "आजी, असं बोलू नका. कोप व्हईल."

"व्हईल की. लई तापट व्हती. पर मला उपाशी कवा धाडलं न्हाई."

तिने पदराने माझं कुंकू पुसलं, मला पाटीत ठेवलं आणि किशोरचं दार गाठलं.

"सखूआजी, हितं जागा कुटं हाय? समद्या खोल्या भाड्यानं गेल्यात," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. हिचं नाव तरी तुज्या पोरांस्नी ठावं हाय का?"

सखू मला घेऊन डोंगर चढली.

आता मी तिच्या कुडाच्या भिंतीवर आहे. संध्याकाळी ती माझ्याकडे बघून नातवंडांना रंभाबाईच्या शिव्या ऐकवते आणि हसता हसता डोळे पुसते. मला इथे बरं वाटतं, पण भीतीही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोवरची धूळ सवडीने पुसा. त्यात कोण आहे, ते मात्र घरच्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. मला बोलता येत नाही, आणि सखूचा खोकला हल्ली वाढला आहे.