कमरेवरचा फोटो

पंचायतीच्या दारात कचरा डेपोवरून धक्काबुक्की झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला. फोटोत सत्ताधारी पक्षाचा कणारन दातओठ खात त्याच्या पोटात मूठ खुपसतोय आणि विरोधी पक्षाचा बिचारा वर्की तोंड वासून उभा! अख्ख्या कण्णूरने कणारनला शिव्या घातल्या. पोलीस केस झाली. त्याच्या पक्षानेही नोटीस धाडली, खुलासा कर, नाहीतर चालता हो. उभा जन्म झेंडा खांद्यावर वाहिलेला माणूस हो तो.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक. रेटारेटीत वर्कीचा मुंडू, म्हणजे नेसलेली लुंगी, कमरेवरून सुटला होता. आत काही नव्हतं, चड्डी घरी दोरीवर ओली. कणारनने झडप घालून मुंडू मुठीत आवळला, म्हणून अब्रू वाचली. वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो नेमका कमरेशी कापला.

वर्की मूग गिळून बसला. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, सोयरे काय म्हणतील? शिवाय पक्षवाले हार घालत होते, खोटं कशाला सांगा, तेही गोड लागत होतं. पण लहानपणापासूनचा दोस्त कणारन रस्ता बदलून जाऊ लागला, तसं त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो फोटोग्राफर बिजेशकडे गेला. अख्खा फोटो घेऊन कणारनच्या पक्षाला गुपचूप दाखवावा, असा त्याचा बेत.

बिजेश म्हणाला, "कणारनदादा कालच येऊन गेले. मी म्हटलं, फोटो न्या, सुटाल. तर हात जोडले. म्हणाले, पुसून टाक बाबा, त्याच्या घरी लग्नाचं चाललंय."

वर्कीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी चौकात निषेध सभा होती. मागे तोच फोटो, भिंतीएवढा. सत्कारमूर्ती वर्कीने माइक धरला.

"कणारनने मला मारलं नाही," तो म्हणाला. "माझा मुंडू सुटला होता, तो त्याने धरला. आणि आत मी काहीच घातलं नव्हतं."

चौक हसून हसून लोळला. पुढाऱ्यांनी माइक हिसकावला, तोवर सांगायचं ते सांगून झालं होतं. कान लाल झालेला वर्की खाली उतरला, तर समोर कणारन, संतापलेला.

"गाढवा, पोरीच्या लग्नाचा तरी विचार करायचास!"

"तिला विचारूनच आलोय," वर्की म्हणाला. "ती म्हणाली, अप्पा, नवरे पुष्कळ मिळतील. कणारनकाका एकच आहे."