लुआ जेवत नाही

लुआ दोन दिवस जेवली नव्हती, आणि न्यानला त्याचा आनंद झाला होता. खोटं कशाला बोला? झाला होता.

अनाथालयाच्या बाईंनी तिला सकाळीच चुलीपुढून उठवलं. "न्यान, हानोईला नीघ. लुआला दत्तक घेणाऱ्या त्या आयर्लंडच्या जोडप्याची पाचावर धारण बसलीय. पोरगी केळं खाते, दूध पिते, पण जेवणाला हात लावत नाही. ती बाई म्हणते, हिला आम्ही नकोच आहोत. शुक्रवारपर्यंत असंच चाललं तर पोरीला परत आणा, असं आपला साहेब म्हणतोय."

न्यान बसमध्ये बसली ती मनात लुआची चटई अंथरतच. पोरगी चार वर्षं तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. न्यानला नवरा नाही, घर नाही. तरी एकदा तिनं साहेबाला विचारलं होतं, "मीच घेतली तर?" साहेब इतका हसला की त्याला ठसका लागला. मुलांनी सांभाळणाऱ्या बायकांना आई म्हणायचं नाही, असाही नियम होता. मावशी म्हणायचं. माया करा, पण नियमात.

हॉटेलात दुभाष्या होआन दारातच भेटला. "आलीस का मावशी? घे, सांभाळ तुझं रत्न. डॉक्टरला दाखवलं, काही निघालं नाही. हट्टी आहे, दुसरं काय!"

"हट्टी असेल तुझी सासू. ही जेवायला बसते तेव्हा तू असतोस का इथे?"

"माझं काम कागदांचं," तो म्हणाला आणि वाजणारा फोन घेऊन जिन्याकडे गेला.

लुआ धावत आली आणि न्यानच्या पायांना बिलगली. तिच्या केसांना परक्या साबणाचा वास येत होता. ब्रीडा, ती नवी आई, सुजलेल्या डोळ्यांनी बघत उभी होती. तिचा नवरा फिंटन घाबरला की हसणाऱ्यांतला. तो हसत होता.

जेवण आलं. भात, शिजवून मुरवलेलं डुकराचं मांस, पालेभाजी, पातळ सूप. न्यान खिडकीशी बसली. लुआ टेबलाशी ताठ बसली, हात मांडीवर, मान खाली. ओठ हलले. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं, न्यानला गेलं.

"आई, जेवा. बाबा, जेवा."

आणि त्या दोघांनी काय करावं? हात जोडले, डोळे मिटले, माना खाली घातल्या! पोरगी देवाची प्रार्थना करतेय असं वाटलं त्यांना. मग डोळे उघडून दोघं आशेनं तिच्याकडे बघत बसले. आधी लेकरानं खावं, मग आपण.

लुआ थांबली. थांबणारच. न्यानच्या चटईवर बारा पोरं बसायची. लहानानं मोठ्यांना हाक मारून जेवा म्हणायचं, मोठ्यांनी 'हं, जेव' म्हणून पहिला घास घ्यायचा, मगच लहानानं जेवायच्या काड्या उचलायच्या. आधी उचलल्या की न्यानची काडी मनगटावर बसायची. लुआला ती एकदाच बसली होती. त्या एका काडीपायी पोरगी दोन दिवस उपाशी होती.

अनाथालयाच्या कागदांत तिचं वजन होतं, दात होते, टोचलेल्या सुया होत्या. ती जेवायला कशी बसते, एवढं एक लिहायला कुणाचा हात झिजला असता?

लुआ पुन्हा पुटपुटली. पुन्हा डोळे मिटले गेले. मग तिनं आपला वाडगा दोन्ही हातांनी ब्रीडापुढे सरकवला. ब्रीडानं तो परत ढकलला.

होआन आत आला. "काय मावशी, कळलं का काही?"

कळलं होतं. तिला एकटीलाच. 'काही नाही' एवढं म्हटलं असतं तर शुक्रवारी लुआ तिच्या चटईवर असती.

"हिच्या ताटात तरी काय आहे?" न्याननं ब्रीडाकडे बोट केलं. "ही का जेवत नाही?"

"पोर जेवत नाही म्हणून. दोन दिवस नुसत्या चहावर आहे बया."

न्यान उठली. पोरगी त्या बाईला आई म्हणत होती. जो शब्द चार वर्षं न्यानसमोर तोंडातल्या तोंडात गिळायला लावला, तो जेवणागणिक त्या बाईपुढे ठेवत होती, आणि ती डोळे मिटून बसत होती!

"सांग हिला!" ती होआनवर ओरडली. "म्हणावं, डोळे उघड! पोरगी तुला आई म्हणतेय. जेवा म्हणतेय. तिला 'हं, जेव' म्हण आणि आधी तू घास घे, बाई, नाहीतर ती मरेल पण खायची नाही. माझ्या हाताखालची आहे."

होआननं सांगितलं. ब्रीडानं तोंडावर हात दाबला. "किती वेळा?" तिनं विचारलं. "किती वेळा म्हणाली असेल?"

"प्रत्येक जेवणाला," न्यान म्हणाली.

ब्रीडानं न्यानला हाताला धरून टेबलाशी आणून बसवलं. लुआ पुन्हा ताठ झाली. या वेळी आवाज मोठा होता. "आई, जेवा."

"हं, जेव," ब्रीडा होआनच्या मागोमाग बोबड्या व्हिएतनामीत म्हणाली आणि तिनं रडत रडत भाताचा घास घेतला.

"बाबा, जेवा." फिंटननं घास घेतला, निम्मा शर्टावर सांडला.

"मावशी, जेवा."

वयानं सगळ्यात मोठ्या माणसाला आधी जेवा म्हणायचं, हे न्याननंच शिकवलं होतं. न्यान त्या दोघांहून मोठी, म्हणजे लुआची चूक होती. न्याननं ती सुधारली नाही.

तिनं काड्यांना हात लावला नाही. लुआच्या काड्या वाडग्यावर अडून राहिल्या. पोटात आग पडलेली, तरी ती न्यानच्या तोंडाकडे बघत होती. मावशी हो म्हणेपर्यंत ती खाणार नव्हती. एक दिवस नाही, दोन दिवस नाही.

न्याननं काड्या उचलल्या, घास तोंडात घातला.

"हं," ती म्हणाली. "जेव, बाळा."